ओल्या लिंबाचं सरण

न्हाय, न्हाय, ती ओळ पुन्यांदा वाचा, बाई. चष्मा हाय माझ्याकडं, त्येची एक काडी मोडलीया, पण त्यापायी न्हाय म्हणत, मला तुमच्याच तोंडनं ऐकायचंय. — व्हय, तीच. ‘आपल्या मातोश्री कैलासवासी म्हाळसाबाई यांचा अंत्यविधी एकही झाड न तोडता, केवळ गोवऱ्यांवर करून तालुक्यापुढे आदर्श ठेवल्याबद्दल माननीय मोहनराव यांचा जाहीर सत्कार.’ माननीय. बरं. आन् ह्ये तुमाला कुणी सांगितलं? — त्येंनीच? स्वता? मंग बरोबर हाय, दुसरं कोण सांगणार. आन् मी काय करायचं म्हणता — पाच जूनला, तुमच्या त्या पर्यावरण दिनाला, बारामतीला यायचं, पुढल्या खुर्चीत बसायचं, आन् माननीयांची थोरली भावजय म्हणून दोन शब्द बोलायचं. आमच्या घराला झाडांची कशी पयल्यापास्नं आवड हाय, असं कायतरी. बोलते की. स्टेजवर कशाला, हितंच बोलते. पाणी प्या आन् बसा. लिवून घ्यायचं तर लिवून घ्या.

झाडांची आवड घराला नव्हती, एका माणसाला हुती. माझ्या मालकाला. आप्पासाहेब म्हणायचं गाव त्येंस्नी, आन् तुमच्या ह्या एवढ्या मोठ्या कागदात त्येंचं नाव कुठंच न्हाय. सामाजिक वनीकरणाची रोपवाटिका हुती न्हवं का इंदापूरच्या रस्त्याला, तितं कामाला हुते, बारा-तेरा वरसं. काळ्या पिशवीत माती भरायची, बी घालायचं, झारीनं पाणी घालायचं. साधं काम. पण त्या माणसाच्या डोक्यात ते असं बसलं, असं बसलं — की घरात कुठलं बी कार्य निघू द्या, लगीन, बारसं, माती, ह्येंचा पयला सवाल, ह्यात झाड किती जाणार? लोक जेवाय बोलवायला यायचं तर ह्ये त्येंस्नी इचारायचं, जेवण पानावर का थर्माकोलवर? आन् थर्माकोलवर म्हणलं की ह्ये घरनं ताट घिऊन जायचं. सदऱ्यावर टोपी, काखंत ताट. मला लाज वाटायची, बाई. खरं सांगते. मी चार पावलं मागं चालायची.

आन् गोवऱ्यांचं तर निराळंच. गोवऱ्या आपल्यात लावत्यातच की सरणाला, खाली-वर थोड्या, पण लाकूड ते लाकूड. निस्त्या गोवऱ्यांवर गरिबाला जाळायचं, न्हायतर ज्येचं कुणी न्हाय त्येला. ह्ये म्हणायचं, एका माणसाला धा मण लाकूड लागतं, धा मणाचं झाड वाढायला पंधरा वरसं लागत्यात, आन् जळायला एक दुपार. गोवरी रोज व्हती. मंग त्येंनी स्मशानाच्या कडंला चार खांब रोवलं, वर पत्रं टाकलं, आन् आत गोवऱ्या रचून ठिवायला लागलं. कुठल्या बी आळीचं माणूस जाऊ द्या, तितनं घ्यायच्या, कुणाला इचारायचं न्हाय. गोवऱ्या थापायची ठमाबाई. ओढ्याकडंला ऱ्हाती, एकलीच, दोन म्हशी हायत. ती थापायची, ह्ये सायकलला पाटी बांधून न्यायचं. गरिबाघरची चिक्कार माणसं गेली त्या गोवऱ्यांवर. बागायतदाराघरचं एक बी न्हाय. आमचं भावजी सोसायटीचं चेअरमन — ह्येच, तुमचं माननीय — ते चावडीवर बसून म्हणायचं, आप्पानं मेल्याल्यांसाठी दुकान काढलंय. लोक हसायचं. भाऊ हुते सख्खे, पाठोपाठचं. पण हसायचं.

लगीन इचारताय? सांगते, त्ये बी सांगते. त्येच्याबिगर पुढचं कळायचं न्हाय तुमाला. एक्क्याण्णव साली आमच्या राजलक्ष्मीचं लगीन झालं, भिगवणच्या घरात दिली. एकुलती एक पोर. माझ्या मनात काय काय हुतं — बँड लावायचा, घोडा आणायचा, दारात फटाक्यांची माळ लावायची. ह्येंनी काय केलं? महिनाभर आधी पळसाची पानं आणली कुठनं तरी पोतं भरून, आन् आमी दोघं नवरा-बायको वसरीवर बसून पत्रावळ्या टाचतोय. काड्या रुतून बोटं सोलली माझी. मांडव आंब्याच्या टहाळ्यांचा, त्यो बी वाऱ्यानं पडल्याल्या. फटाकं न्हाय, स्पीकर न्हाय. अक्षदा म्हणून तांदूळ न्हाय — पायाखाली तुडवायला त्ये पिकीवलंय का, म्हणं — झेंडूच्या पाकळ्या दिल्या माणसांच्या हातात. आन् जेवून निघाल्याल्या एकेका पाव्हण्याला एक-एक रोप. शिताफळ, चिंच, कडूलिंब. विहीणबाई तोंड फुगवून बसल्या. बायका एकमेकीला कोपरानं ढोसत हुत्या, ते मी बघत हुते. दुसऱ्या दिवशी सकाळी एस्टीच्या थांब्यावर पंचवीस-तीस रोपं टाकल्याली. ओझं झालं लोकांस्नी. ह्ये गेलं सायकल घिऊन, सगळी गोळा करून आणली, आन् मला म्हणलं, बरं झालं, आपल्याच बांधाला लागतील. राग न्हाय, कायी न्हाय. मी चुलीपुढं बसून रडत हुते, आन् ह्या माणसाला रोपं सुकल्याली न्हाईत ह्याचं समाधान.

पुढल्या उन्हाळ्यात भावजींच्या युवराजचं झालं. दोन बँड, थर्माकोलच्या ताटांचं ढीग, फटाकं तर एवढं की हिरीवरची पाखरं दोन दिवस परत आली न्हाईत. लगीन झालं आन् ती ताटं वाऱ्यानं उडून उसात, पाटात, हिरीत. दोन वरसं निघत हुती पाटातनं. ह्येंनी कायी बोललं न्हाय भावाला, काठीनं काढत बसायचं. पण गाव अजून त्या लग्नाचं नाव काढतंय. आमच्या राजलक्ष्मीचं काढत्यात, तर हसायला.

आता मातीचं सांगते. पंच्याण्णवचा श्रावण. चार दिवस झड लागल्याली. ह्ये बांधावर गेलं सकाळी, पाणी कुठं तुंबलंय का बघायला, आन् तितंच पडलं. उचलून आणलं तवा हात गार हुतं. मंग काय — दारात माणूस मावंना. भावजींनी सगळं हातात घ्येतलं. बारामतीला, भिगवणला, लोणी देवकरला निरोप गेलं. आन् सगळ्यांच्या आधी कोण आलं असंल? ठमाबाई. डोक्यावर पाटी, पाटीत गोवऱ्या, वर युरियाचं पोतं झाकल्यालं — स्वता भिजल्याली, पण गोवरी एक भिजू दिली न्हाय तिनं. ह्येंनी तिला सांगून ठिवलं हुतं म्हणं, मी गेलो की पयली पाटी तुझी. सांगून मला बी ठिवलं हुतं. दहा येळा. जेवताना सांगायचं, झोपताना सांगायचं. आन् भावजी उंबऱ्यात हुबं राहून तिला म्हणलं, ‘ठमाबाई, पाटी माघारी न्या. आमचा माणूस काय बेवारशी न्हाय.’

गेली ती. पाटी तशीच डोक्यावर घिऊन.

पण लाकूड कुठाय? वाळल्यालं लाकूड गावात ऱ्हायलंय का? बाभळी सगळ्या गुऱ्हाळानं खाल्ल्या, ऱ्हायल्याल्या वीटभट्टीनं. त्यात चार दिवसांचा पाऊस. मंग कुऱ्हाडी वाजाय लागल्या — हिरीवरनं. मी घरात, बायकांच्या मधी, आन् आवाज येतोय. हिरीवर लिंब हुता आमचा. राजलक्ष्मी पोटात हुती त्या साली लावला ह्येंनी. कवळ्यात मावत न्हवता एवढा झाल्याला. त्यो पाडला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून ओला लिंब नेला. आता मला सांगा, बाई, तुमी शिकल्याल्या हायसा — हिरवं लाकूड, पाणी टिपकतंय त्येच्यातनं, पेटंल का? न्हाय पेटलं. घासलेट ओतलं, न्हाय पेटलं. साखरंचं पोतं आणलं, त्ये बी टाकलं. मंग टायरी. ट्रॅक्टरच्या जुन्या टायरी आणल्या कुणाच्या तरी शेडमधनं, आन् त्या घातल्या माझ्या मालकाच्या अंगावर. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात दारात पालापाचोळा पेटवू दिला न्हाय, धूर हुतो म्हणून. आमी बायका मातीला जात न्हाय, पण धूर दिसला की. काळा. वस्तीवर आला, वलणीवर आला, चुलीपत्तोर आला. सासूबाई — म्हाळसाबाई, ज्येंचं नाव छापलंय तुमी — त्या उंबऱ्यावर बसल्या हुत्या. पोटचं पोर. पदर नाकाला लावून बसल्या हुत्या, आन् वास काय थांबंना.

सावडायला गेल्याली माणसं लवकर माघारी आली. भावजींनी माझ्याकडं बघितलं न्हाय. मला नंतर कळलं — कसं कळलं ते इचारू नका — दुसऱ्या दिवशी परत पेटवायला लागलं हुतं.

व्हय, मी ठीक हाय. लिवा तुमी. का थांबला?

तर सासूबाई. त्या दिवसापास्नं त्या भावजींशी बोलायच्या बंद झाल्या. जेवायच्या माझ्याकडं, निजायच्या माझ्याकडं. मला म्हणायच्या, कुशे, मला शेणीत घाल. माझं आप्पागत करू नगंस. गेल्या साली चैतात गेल्या. पिकलं पान, रडण्यासारखं कायी नव्हतं, पण भावजी परत सुरू — पाव्हणं येणार, आमदाराकडची माणसं येणार, चेअरमनची आई हाय, बांधावरला आंबा घ्या. आंब्याला मोहोर हुता, बाई, कैऱ्या लागल्याल्या. मी काय केलं? भांडले न्हाय. वसरीवर खुटीला ट्रॅक्टरची चावी हुती, ती घ्येतली, कनवटीला लावली, आन् सासूबाईंच्या उशाला जाऊन बसले. म्हणलं, आता बाईमाणसाच्या कंबरंला कोण हात घालतंय बघू. आंबा पाडला तरी न्यायचा कशात? डोक्यावर? भावजी दारात उभं राहून म्हणलं, वहिनी, पाव्हण्यांत माझी शोभा करताय. मी म्हणलं, करतीया. तवर ओढ्याकडंच्या बायका ह्येंच्या त्या पत्र्याच्या शेडमधनं गोवऱ्या डोक्यावर घिऊन निघाल्या बी. पंचवीस पाट्या. आन् तीन तासात म्हातारी झाली मोकळी. धूर निस्ता दोऱ्यागत, सरळ वर.

आन् मंग काय झालं ऐका. बारामतीचं कोण एक पाव्हणं, पांढऱ्या सफारीतलं, ते भावजींच्या खांद्यावर हात ठिवून म्हणलं, वा मोहनराव, चांगला पायंडा पाडलात, एक झाड वाचवलंत. मला वाटलं, भावजी आता मान खाली घालतील. त्येंनी हात जोडलं. दोन्ही हात जोडून म्हणलं, आईची इच्छा हुती. तितनं सुरू झालं ह्ये सगळं. मंग सोसायटीच्या बैठकीत सांगितलं, मंग पेपरात आलं, आन् आता तुमी आलाय पत्रिका घिऊन. ज्या माणसाच्या कनवटीला चावी असती तर आंबा गेला असता, त्येला शाल.

काय म्हणला? — न्हाय, परत बोला, मला नीट ऐकू आलं न्हाय. — नाव बदलता? पत्रिका अजून छापायच्या हायत, ह्यो निस्ता नमुना हाय, आन् भावजींच्या जागी माझं नाव घालता. कुशाबाई आप्पासाहेब. शाल मला.

नगं.

नगं म्हणलं की. लाजत न्हाय मी. किती साधं बोलताय तुमी, एक नाव खोडलं, दुसरं लिवलं, झालं. नाव काय म्हणला तुमचं? साक्षी. माझ्या राजलक्ष्मीपरास ल्हानच असशील तू. त्ये पेन खाली ठिव, पोरी. आता सांगते ते लिवायचं न्हाय.

भावजी त्या दिवशी आधी आत आले हुते. श्रावणात, ह्ये गेलं तवा. बायकांत वाट काढून माझ्याम्होरं उकिडवं बसले, डोळं लाल, आन् मला म्हणलं, ‘वहिनी, आप्पाची इच्छा गोवऱ्यांची हुती. तुमी म्हणाल तसं करू.’ असं इचारलं त्येंनी मला. हसायचं, टिंगल करायचं, सगळं खरं, पण त्या येळेला त्यो माणूस भाऊ म्हणून आला हुता आन् मला इचारलं. आन् माझ्या शेजारी कोण बसल्याली? भिगवणची विहीण, पावसानं आदल्या दिवसापास्नं आमच्यातच अडकल्याली. पदर तोंडाला, पण कान हिकडं. मला काय वाटलं ठावं हाय? मेल्याल्या माणसाजवळ बसून मला वाटलं — आता परत हसतील. पोरीचं लगीन पानावर उरकलं, नवऱ्याची माती शेणावर उरकली. आयुष्यभर मी चार पावलं मागं चालले त्या ताटाच्या, एकदा तरी माझ्या दारातनं कार्य असं निघू द्या की लोक बघत ऱ्हातील. एकदा. मी म्हणलं, लाकडं बघा भावजी, चांगलं सरण रचा. भावजी म्हणलं, वहिनी, वाळलं लाकूड गावात न्हाय. आन् मी म्हणलं — म्हणलं मी, ह्याच तोंडानं — ‘हिरीवरला लिंब हाय की.’

त्येंनी डोळं पुसलं. मंग उठले. आन् त्यानंतर उंबऱ्यात जाऊन ठमाबाईला पाटी माघारी न्या म्हणलं. ती दारातच हुती. पाटी डोक्यावर. तिनं सगळं ऐकलं हुतं, लिंबाचं बी. सासूबाईंनी बी ऐकलं हुतं. मरूस्तवर एकदा बोलल्या न्हाईत मला, निस्तं म्हणायच्या, आप्पागत करू नगंस, करू नगंस — ‘करू देऊ नगंस’ असं न्हाय, बघ. मला शब्द कळत्यात.

तर ते हात जोडून शाल घिऊ द्या त्येंस्नी. ते खोटं बोलले, माझ्या म्हातारीच्या सरणावर उभं राहून खोटं बोलले, मला चीड हाय त्येची, ऱ्हाईल. पण मी उठून खरं सांगायला जाऊ, तर कितीसं सांगू? चावीपासनं सांगू, का लिंबापासनं? भावजींस्नी ठावं हाय मी सांगणार न्हाय. म्हणून तर माननीय झाले. आमी दोघं एकमेकांस्नी धरून हाय, पोरी, एका दाव्याला बांधल्याली जनावरं असत्यात तसं. आन् ठमाबाई — तिनं तर बोलायचं हुतं. गावभर सांगायचं हुतं, ह्या बाईनं नवऱ्याचा शबुद मोडला, स्वताच्या तोंडानं लिंब दाखीवला. चार बायकांत माझ्या अंगावर थुकायचं हुतं. तीन वरसं हुतील येत्या श्रावणाला, एक शबुद न्हाय. शेडमधी गोवऱ्या रचती अजून. मी बी थापती, मी बी नेऊन टाकती. ती सकाळच्या पारी येती, मी दुपारची जाती. तिची थप्पी आन् माझी थप्पी, मधी हातभर जागा. सासूबाईंच्या येळेला दोन्हीतल्या सारख्याच उचलल्या गेल्या, तवा बी ती माझ्याकडं बघितली न्हाय.

काय? तिला बोलवायचं म्हणता स्टेजवर? तिला शाल? घर दाखवू? — बाई, तुमी माणसं चांगली हायसा, पण तुमची ही शाल कुणाच्या तरी खांद्यावर टाकल्याबिगर तुमचा पाय निघंना हितनं. जावा. ओढ्याकडंला तिसरं खोपट, दारात म्हशी. इचारा तिला. ती येणार न्हाय. का येत न्हाय म्हणून इचारलं, तर ते बी सांगणार न्हाय तुमाला. आन् आप्पाची बायको कशी हाय म्हणून इचारलं, तर चांगली हाय म्हणंल.

मी? मी कशाला येऊ संगं? माझी भाकरी व्हायचीया. उठा आता, साडेचारची बारामती निघून जाईल. ती पत्रिका घिऊन जावा. न्हाय, हितं नगं ठिवू, म्हणलं ना.

दार लोटून घ्या.